मोजणाऱ्यांना मोजणाऱ्या पाईकराव मॅडम

"कोणाच्या मानानं?"

सुलोचना पाईकराव मॅडमच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. वसमतच्या कॉलेजात मराठीचा प्राध्यापक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. ज्या विद्यापीठात मी शिकलो ते राज्यात कसं वरच्या नंबरावर आहे, हे स्टाफरूममध्ये ओळख करून देताना माझं दोनदा सांगून झालं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक ठेंगण्या, सावळ्या बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी टरफलं कागदात गोळा केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "वरच्या नंबरावर म्हंजी कोणाच्या मानानं?"

"सगळ्यांच्या," मी म्हणालो.

"सगळे एका रस्त्यानं थोडेच चालून राहिले, सर?" असं म्हणून त्यांनी मूठभर शेंगा माझ्यापुढं केल्या. मला राग आला होता, पण शेंगा चांगल्या भाजलेल्या होत्या.

मॅडम अर्थशास्त्र शिकवायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी स्वच्छ असे. स्टाफरूममध्ये मात्र, आणि विशेषतः राग आला की, त्या घरची भाषा बोलत. ती त्यांनी मुद्दाम सोडली नव्हती. त्यांच्या त्या एका प्रश्नाला अख्खं कॉलेज वचकून असायचं. प्राचार्य म्हणाले, "यंदा निकाल फार चांगला लागला," की कोपऱ्यातून प्रश्न यायचा. भौतिकशास्त्राचे एक सर आपला मुलगा वर्गात दुसरा आल्याचे पेढे वाटत होते, तेव्हाही तो आला. वर्गात मुलंच मोजकी आहेत, हे कळल्यावर मॅडम हसल्या आणि त्यांनी पेढा खाल्ला. सर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

या प्रश्नाचं मूळ त्यांच्या घरात होतं. त्यांचे यजमान बस चालवत. त्यांच्या डेपोत एक फळा होता आणि कोणता चालक किती डिझेलमध्ये किती लांब गाडी नेतो, ते त्यावर लिहिलं जायचं. यजमानांचं नाव कायम खालच्या टोकाला. त्यांची फेरी औंढ्याकडच्या डोंगरातल्या आडगावांची. चढ, खड्डे, आणि हात केला की थांबा. पहिला नंबर नेहमी नांदेडच्या सरळ सडकेवर गाडी चालवणाऱ्याचा.

"माणूस घरी येऊन गपचूप जेवायचा," मॅडम सांगायच्या. "मी म्हणलं, तुमी काहून मान खाली घालून राहिले? नांदेडवाल्याला एक महिना द्या म्हणावं तुमची गाडी अन् तुमचा रस्ता. मग लिवा फळ्यावर."

यजमानांनी डेपोत तसं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मॅडमनी मात्र सांगितलं, आणि तेही राज्यातल्या सगळ्या आणि बाहेरच्याही काही विद्यापीठांना.

चाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता विद्यापीठांच्या आणि त्यांच्याखालच्या कॉलेजांच्या कार्यक्षमतेची मोजणी आणि तुलना. त्यांचे मार्गदर्शक मोठे सज्जन आणि तेवढेच भित्रे गृहस्थ होते. त्यांनी आधी मॅडमना समजावून बघितलं. "वसमतला राहता. हळदीची बाजारपेठ दारात आहे. तिच्यावर करा. दोन वर्षांत मोकळ्या व्हाल."

"हळदीला मोजणारे लई हायत, सर," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला मोजणारेबी लई हायत. मोजणाऱ्याला कोणी मोजून न्हाई राहिलं."

मला गणितातलं फारसं कळत नाही. पण मॅडमनी ते मला स्टाफरूममध्ये शेंगा मांडून समजावलं होतं. कोणतं विद्यापीठ किती मोठं, किती नावाजलेलं, किती जुनं, याच्याशी कार्यक्षमतेचा संबंध नाही. हातात काय दिलं आणि त्यातून काय उभं केलं, एवढंच बघायचं. किती शिक्षक, किती पैसा, कशा इमारती आणि कोणत्या तयारीची मुलं, हे एका बाजूला. किती मुलं शिकून बाहेर पडली आणि काय संशोधन झालं, हे दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येकाला त्याच्याचसारख्या हालतीतल्यांच्या शेजारी उभं करायचं. त्यांच्यात जो सगळ्यात जास्त काढून दाखवतो, तो बाकीच्यांचं माप.

"म्हंजी मग गरिबाला गरीब म्हणून सूट न्हाई," त्या म्हणायच्या, "अन् श्रीमंताला श्रीमंत म्हणून सलाम न्हाई."

माहिती गोळा करायला त्या स्वतः जायच्या. अर्ज केला की उत्तर येई, "माहिती उपलब्ध नाही." मग मॅडम सुट्टी टाकून त्या विद्यापीठात जाऊन बसत, डबा घेऊन. एकदा एका अधिकाऱ्यानं त्रासून विचारलं, "बाई, आमच्या खर्चाशी तुम्हाला काय करायचंय?"

"तुमाला आमच्या कॉलेजाशी काय करायचं असतंय?" मॅडम म्हणाल्या. "काही वर्षं झाली की येता ना वही-पेन घेऊन? मी आले तर काहून तकलीफ होऊन राहिली?"

त्यांना संध्याकाळी माहिती मिळाली. मॅडम हसत हसत ही गोष्ट सांगायच्या, पण त्या दिवशी त्यांना किती वेळा उठवून दुसऱ्या बाकावर बसवलं होतं, हे त्यांच्या यजमानांकडून मला नंतर कळलं.

अशातच आमच्या कॉलेजच्या मूल्यांकनाची वेळ आली. बाहेरून तज्ज्ञांची समिती येणार, तपासणार आणि दर्जाचं अक्षर देणार. आकडेवारीतलं दुसऱ्या कोणाला कळत नाही म्हणून संस्थेनं गुणवत्ता कक्षाचं काम पाईकराव मॅडमकडं दिलं. संस्थेला पुढं त्याचा फार पश्चात्ताप झाला.

संस्थेचे सचिव एक दिवस प्राचार्यांच्या खोलीत आले. आम्हा चार-पाच जणांना बोलावलं. ते तसे गोड बोलणारे होते. म्हणाले, "शेवटच्या वर्षाला नाव घालतात आणि परीक्षेलाच येत नाहीत, अशी आपल्याकडं बरीच मुलं आहेत. पोरींची लग्नं होतात, पोरं कारखान्याकडं नाहीतर पुण्याला जातात. त्यांच्यापायी आपला निकाल खाली येतो. परीक्षेचे अर्ज भरायच्या आधीच ती नावं पटावरून कमी करा. टक्का आपोआप वर जाईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. इतकी साधी युक्ती आम्हाला आधी कशी सुचली नाही, असंच प्रत्येकाच्या मनात असावं.

"न्हाई जमणार, साहेब," मॅडम म्हणाल्या.

"का?"

"नाव कापलं म्हणून लेकरू जात न्हाई. ते हाय. हळद शिजवायच्या कुकरपाशी लाकडं घालून राहिलंय, न्हाईतर सासरी भाकरी थापून राहिलंय. त्याला आपण आत घेतलं होतं. त्याची फी घेतली, त्याच्या नावावर वर्ग चालवले. आता ते अडलं तर म्हणायचं, आमच्याकडं नव्हतंच?"

"सगळीकडं असंच करतात, मॅडम."

"मला माहीत हाय. मी मोजलंय ना. पोरं गाळली की कॉलेज हुशार दिसतंय."

सचिव हसले, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. म्हणाले, "मग तुम्हीच सांगा टक्का कसा वाढवायचा."

"पोरं आणून," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी ते खरंच मनावर घेतलं. हळदीचा हंगाम भरात होता. गावोगावी हळद शिजत होती, अंगणं पिवळी झाली होती. कॉलेज सुटलं की माझ्या मोटारसायकलवर मागं बसून त्या निघायच्या. मी का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. नाही म्हणायचं धाडस झालं नाही, हे एक कारण आहेच.

कळमनुरीच्या बाजूला एका गावात ज्योती नावाची आमची विद्यार्थिनी सून म्हणून गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती वाळत घातलेली हळद हातानं पसरत होती. आम्हाला बघून तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिची सासू आमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"परीक्षा देऊन काय कलेक्टर व्हनार हाय व्हय ती?"

"न्हाई झाली तरी चालंल," मॅडम म्हणाल्या. "आमच्या कॉलेजातून बाहेर तर पडू द्या तिला, आजी. आत गेलेलं लेकरू बाहेरच आलं न्हाई, तर लोक काय म्हणतील आमाला?"

सासूला हसू आवरलं नाही. मागं उभे असलेले सासरे मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हंगामात मानसं मिळत न्हाईत. एक हात कमी पडतो."

मॅडमनी चप्पल काढली, पदर खोचला आणि हळद पसरायला बसल्या. मलाही बसवलं. अंधार पडायच्या आत अख्खं अंगण झालं. घरी परतताना आमचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. "पेपर दुपारचे असतात," जाताना त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, "सकाळचं काम करून येईल ती. तेवढ्या दिवसांत काय कमी पडलं तर आमाला बलवा."

ज्योती परीक्षेला बसली. आणखीही पुष्कळ बसले. सगळे काही पास झाले नाहीत. ज्योतीचाच एक विषय राहिला आणि पुढच्या परीक्षेत सुटला. काही जण आम्हाला सापडलेच नाहीत. त्यांची नावं मॅडमनी तशीच ठेवली. आमचा टक्का वाढला, पण थोडाच.

समिती आली. अध्यक्ष म्हणजे परराज्यातल्या, दूरच्या एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचे माजी कुलगुरू. उंचपुरे, मऊ आवाजाचे. त्यांनी आमचे आकडे पाहिले आणि त्यांच्या शहरातल्या एका कॉलेजचा दाखला दिला. तिथं जवळजवळ कुणीच मधून सोडत नाही, मग इथंच इतकी गळती का? मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचं हिंदी आमच्या बाजारातलं होतं आणि त्याची त्यांना अजिबात लाज नव्हती.

"सर, तुलना करनी है तो बराबर करो. आपके उस कॉलेज में मास्तर की एक भी जगह खाली नहीं. हमारे यहाँ आधे से जादा घंटे के हिसाब पे हैं. उधर का लडका बारावी में क्या लेके आता है, और हमारा क्या लेके आता है, ये भी देखो."

"मॅडम, आँकडे झूठ नहीं बोलते," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

"आँकडे कुछ भी नहीं बोलते सर. कौनसा आँकडा किसके बाजू में रखा, वो बोलता है. मैंने भी रखे हैं. आपका विद्यापीठ भी मेरे अभ्यास में है."

प्राचार्यांनी खिशातून रुमाल काढला. अध्यक्षांनी भुवया वर केल्या. "अच्छा? क्या निकला?"

"आपके जैसे जितने हैं, उनमें आप पीछे हो. हाथ में जितना है, उसके हिसाब से बहुत कम निकल रहा है."

खोलीत कोणी चहाचा कपसुद्धा उचलला नाही. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि ग्रंथालयाचा विषय घेतला. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. मॅडमना लांबूनच नमस्कार केला.

महिन्याभरानं निकाल आला. आमचा दर्जा एका अक्षरानं खाली गेला होता. मॅडमच्या बोलण्यामुळं गेला, की तसाही जाणार होता, कुणाला माहीत. पण संस्थेच्या दृष्टीनं तो मॅडमनी घालवला होता. सचिव तणतणत आले. "बाई, तुम्ही कॉलेज बुडवलं!"

"साहेब, कॉलेज तिथंच हाय," मॅडम म्हणाल्या. "एक अक्षर बुडालंय."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांची बदली झाली. संस्थेचं दुसरं एक छोटं कॉलेज नरसी नामदेवच्या पुढं, माळावर होतं. पत्र्याच्या खोल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. वसमतहून जायचं तर हिंगोलीला गाडी बदलावी लागे. मी चिडलो होतो. म्हणालो, "कोर्टात जा, मॅडम. आम्ही साक्ष देऊ."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की आमच्यातले किती जण साक्षीला उभे राहतील, हे मलाच कळून चुकलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "कागदावर बघितलेलं कॉलेज आता डोळ्यानं बघीन. त्यांना वाटून राहिलं शिक्षा दिली. मी नोकरी सोडीन याची वाट बघून राहिले असतील, तर बघू द्या." त्यांच्या कपाटातली पुस्तकं आम्ही दोघांनी पोत्यात भरली. पोतं त्यांनी मला उचलू दिलं नाही.

तिकडं असतानाच त्यांनी प्रबंध पूर्ण करून दिला. मग वाट बघणं सुरू झालं. एका परीक्षकानं कळवलं, काम उत्तम आहे, पण एक प्रकरण काढून टाकावं. ज्या विद्यापीठाला प्रबंध सादर केला, त्याचीच मोजणी त्या प्रकरणात होती, आणि ती काही गौरवाची नव्हती. मार्गदर्शक स्वतः वसमतला त्यांच्या घरी आले. योगायोगानं मी तिथं होतो.

"एकच प्रकरण, मॅडम," ते अक्षरशः विनवत होते. "बाकी सगळं तसंच राहील. माझीही निवृत्ती आली. तुमची पदवी बघून जाऊ द्या मला."

मॅडमनी त्यांना आधी चहा दिला. मग म्हणाल्या, "सर, तुमच्याबद्दल मला लई आदर हाय. पण सगळ्यांना मोजलं अन् घरच्याला तेवढं सोडलं, तर बाकीच्यांनी माझं तोंड काहून बघावं?"

"पदवी अडकेल."

"अडकू द्या."

आणि ती अडकली. पत्रं गेली, उत्तरं आली, समित्या बसल्या. पदोन्नती हुकली. मार्गदर्शक निवृत्त झाले. मी एकदा विचारलं, "मॅडम, वाईट वाटतं का?" मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी ठणकावून बोलतील.

"वाटतं की. खोटं काहून बोलू? माझी माय दुसऱ्याच्या वावरात खुरपायची. तिला लई हौस होती बायांना सांगायची, पोरगी डाक्टर झाली म्हणून. जायच्या आदल्या आठवड्यातबी इचारलं, झाली का गं?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पण ते प्रकरण काढून मिळालेली पदवी मी मायला कोणत्या तोंडानं दाखवली असती?"

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम माळावरच्या त्या कॉलेजातच होता. पत्र्याच्या खोल्यांपुढं मांडव, स्टेज, सतरंज्या. मुलं, त्यांचे आई-बाप, आजूबाजूच्या गावचे लोक आले होते. जुना सहकारी म्हणून मलाही स्टेजवर बसवलं. सचिवांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि मॅडमच्या निष्ठेबद्दल लांबलचक भाषण केलं. मग उत्तर द्यायला मॅडम उठल्या.

"आभार मानायचे हायत, ते मानते," त्या म्हणाल्या. "पण माझं एक काम राहून गेलंय. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते. कोणीबी येऊन बसावं, कोणीबी प्रश्न इचारावा, असा नियम हाय. माझी काय झाली न्हाई. तर म्हणलं, आज इथंच घेऊन टाकू."

लोक हसले. त्यांना वाटलं, मॅडम गंमत करतायत. पण त्यांनी खरंच सुरुवात केली. काय मोजलं, कसं मोजलं, कोणाला कोणाशेजारी ठेवलं, हे सगळं मांडवातल्या शेवटच्या माणसाला कळेल असं सांगितलं. आणि मग ते अडकलेलं प्रकरण, नाव न वगळता, एकेक मुद्दा घेऊन सांगितलं. सचिव खुशीत होते. विद्यापीठाचे वाभाडे निघतायत म्हणून त्यांनी टाळीसुद्धा वाजवली. तासाच्या हिशेबावर शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकानं गणितातला चांगला अवघड प्रश्न विचारला. मॅडम खुलल्या. त्याला उत्तर देताना त्या किती तरुण दिसत होत्या!

मग सतरंजीवरून एक बाई उठून उभी राहिली. कुण्या विद्यार्थिनीची आई असावी. "म्याडम, दुसऱ्याचं सांगलं तुमी. मग आपलं ह्ये कालेज कसं हाय?"

मी मॅडमकडं बघितलं. आजच्या दिवशी काय बोलावं हे कुणालाही कळलं असतं. गावकऱ्यांना खूश करणारं एक वाक्य, आणि टाळ्या.

"कमी पडून राहिलंय," मॅडम म्हणाल्या.

टाळीसाठी उचललेले सचिवांचे हात खाली आले.

"याच जिल्ह्यात दुसरं एक कॉलेज हाय. असंच पत्र्याचं. अशीच पोरं. मास्तरं तर आपल्याहून कमी. तरी तिथली लेकरं जास्त टिकून राहिली, जास्त पुढं चालली. म्हंजी होऊ शकतं. आपण केलं न्हाई. मीबी इथंच होते, म्हंजी माझंबी माप त्यात आलं."

सचिव खुर्चीतल्या खुर्चीत पुढं सरकले. "मॅडम, आजचा दिवस आनंदाचा आहे. हे विषय आपण..."

"साहेब, परीक्षा चालू हाय," मॅडम म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. ती बाई अजून उभीच होती. तिला राग आला नव्हता. उलट कुणीतरी आपल्याशी सरळ बोललं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. तिनं विचारलं, "मंग काय करावं म्हन्ता?"

मॅडमनी माईक बंद केला. अंगावरची शाल काढून सचिवांपुढच्या टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून त्या बाईजवळ सतरंजीवर जाऊन बसल्या. तिलाही हाताला धरून खाली बसवलं. आजूबाजूच्या आया आणि मुली सरकत सरकत जवळ आल्या. स्टेजवर आम्ही सगळे हार घालून बसून होतो आणि आमच्याकडं कुणीही बघत नव्हतं.

"सांगते," मॅडम म्हणाल्या. "पण आधी तुमी सांगा, तुमची पोरगी घरून किती वाजता निघते?"